एकाच डब्यातली मशेरी

सन दोन हजार अठरा. त्या वर्षी वारंगा फाट्याकडच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि आमच्या डोंगरकडा गावात येणाऱ्या एस.टी.च्या काचांवर मुरमाची धूळ इतकी बसायची, की आत कोण आहे ते उतरेपर्यंत कळत नसे. माझी नात करुणा अशाच एका धुळकट गाडीतून मे महिन्यात सुटीला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या मैत्रिणीला तोंड उघडायला लावलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मैत्रिणीचं नाव जैनबबी. तिच्या नवऱ्याचं, जमीलभाईंचं, बाजारगल्लीत कापडाचं दुकान होतं आणि दुकानासमोर माझा शिवणक्लास. अस्तर, फॉल, दोरा, सगळं मी त्यांच्याकडून घ्यायची. पुढं जमीलभाई गेले, मुलानं दुकान विकलं, माझ्या क्लासच्या पोरीही कमी होत गेल्या. पण दुपारी भांडी घासून झाली की जैनब माझ्या ओट्यावर यायची, ते काही बंद पडलं नाही. यायची ती मशेरी लावायला.

मशेरी आम्ही विकतची कधी आणली नाही. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, जुन्या मलमलीतून चाळायची. भाजायचं काम जैनबचं, कारण तिचा हात बरोबर होता. एक क्षण आधी उतरवली तर कडू लागते, एक क्षण उशीर झाला तर नुसती राख. ती भाजायला बसली की सगळी गल्ली खोकायची आणि शेजारपाजारच्या बाया आपापल्या डब्या घेऊन यायच्या. चाळायचं काम माझं. मग ती एका पिवळ्या पत्र्याच्या डब्यात भरायची. डबा एकच, माझ्या कोनाड्यात. चाळीस वर्षं आम्ही दोघींनी त्यातच बोट घातलं.

आमच्याकडं मशेरी म्हणजे व्यसन, असं कुणी म्हणत नसे. व्यसन पुरुषांना असतं. मशेरी हे दात घासायचं औषध. दाढ ठणकली की मशेरी, पोट फुगलं की मशेरी, बाळंतिणीला झोप येईना की मशेरी. त्या वर्षी जैनबच्या गालाच्या आत एक फोड आला आणि तो चरचरायला लागला, तेव्हा तिनं आमच्याकडची कुठलीही बाई करील तेच केलं. फोडावर मशेरीची चिमूट दाबली. मशेरीनं जागा बधिर होते. चरचर थांबली. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबली. फोड भरून येईना तशी चिमूट मोठी होत गेली. ठेचा खायचा तिनं सोडला, मग कडक भाकरी सोडली, दुधात कुस्करून खायला लागली. मला म्हणायची, दात हलतायत.

करुणा तेव्हा डॉक्टर झालेली होती आणि नांदेडला पुढचं शिकत होती. तिचं काम रोग्याला औषध देण्याचं नव्हतं. रोग्याच्या अंगातून काढलेले बारीक तुकडे काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि हे काय आहे ते सांगायचं. जैनबला दुधात भाकरी कुस्करताना तिनं पाहिलं, मोबाईलचा उजेड पाडून तोंडात बघितलं. गालाच्या आत मोठा पांढरा चट्टा होता, तो जुना असावा. त्याच्या मधोमध लाल, कडक काठाचा फोड. करुणानं सांगितलं की दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारा फोड दाखवलाच पाहिजे, आणि कॅन्सर तर नाही ना, हे ठरवायला नांदेडला याचा एक बारीक तुकडा काढून बघावा लागेल.

जैनबनं तोंड मिटलं.

"लोखंड लावायचं न्हाई," ती म्हणाली. "बाकी काय पण सांग, गोळ्या दे, मलम दे. लोखंड लागलं की ते चेकाळतं. मुंजाजीचं काय झालं, तुझ्या आजीला इचार."

मुंजाजी आमच्या गावातले केळीवाले. त्यांच्या मानेला गाठ झाली होती. लांबच्या शहरात नेऊन ती कापली आणि पुढच्या हंगामाच्या आत ते गेले. तेव्हापासून आमच्या गावात हे ठरूनच गेलं होतं, की गाठ झोपलेली असते आणि लोखंड लावलं की जागी होते.

जैनबचा मुलगा साजीद फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान चालवायचा. तो आईवर जीव टाकणारा, पण तोही घाबरला. मला म्हणाला, "मावशी, अम्मी न्हाई म्हणते त मी कसं नेऊ? अन् मुंजाजीकाकावानी झालं त?" बोलताना त्याच्याच गालात गुटखा होता. मी तसं म्हटलं तर तो बाहेर जाऊन थुंकून आला आणि पुन्हा तेच बोलला.

मला जैनबची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला दुसऱ्याच एका गोष्टीनं झोप येईना. डबा एक, मशेरी एक, बोटं दोघींची. मग तिला का आणि मला का नाही?

करुणाला मी तेच विचारलं. ती लसूण सोलत बसली होती. तिनं उलट मलाच विचारलं, की आजी, तुझ्या बोटात सुई किती वेळा गेली असेल? मी म्हटलं, त्याची काय मोजदाद. मग ती म्हणाली, दरवेळी ते भोक भरलं आणि भरून थांबलं. बोटावर मांसाचा ढीग वाढत गेला नाही. का थांबलं, याचा कधी विचार केलास?

मी सत्तरीला टेकलेली बाई. सुया टोचण्यात आयुष्य गेलं. हा विचार मला कधी शिवला नव्हता.

तिनं मग सांगितलं, ते मी माझ्या पद्धतीनं लक्षात ठेवलंय. आपलं अंग पेशींचं बनलेलं. जखम झाली की कडेच्या पेशी फुटून एकीच्या दोन होतात आणि मधल्या मोकळ्या जागेकडं सरकतात. समोरून येणारीचा हात हाताला लागला की दोघी थांबतात. जागा भरली, काम झालं. शिवाय प्रत्येकीला वय असतं. गालाच्या आतली पेशी तळाशी जन्मते, वर वर सरकते, चपटी होते आणि शेवटी थुंकीबरोबर निघून जाते. तिचं आयुष्य एवढंच, पण त्या आयुष्यात तिला काम असतं. एखादी बिघडली तर ती स्वतःच स्वतःला संपवते, शेजारणीला त्रास देत नाही. कॅन्सरची पेशी यातलं काहीच करत नाही. शेजारणीचा हात लागला तरी ती थांबत नाही. काम शिकत नाही, नुसती फुटत राहते. मरायची वेळ आली तरी मरत नाही. स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. आणि एक दिवस आपली जागा सोडून मानेत, फुफ्फुसात जाऊन तिथं घर करते.

"तिला हे शिकवतं कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. ती विसरते," करुणा म्हणाली.

माझ्या क्लासमध्ये एक नियम होता. ब्लाऊजचा फर्मा पुठ्ठ्याचा, तो भिंतीला टांगलेला. प्रत्येक पोरीनं कागद त्याच्यावरूनच कापायचा, मैत्रिणीच्या कागदावरून नाही. पण पोरींना घाई. एक दुसरीचा कागद घ्यायची, तिसरी दुसरीचा. पेन्सिलीच्या जाडीएवढं माप दरवेळी वाढायचं आणि दिवाळीपर्यंत मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, असा व्हायचा, की हात वर केला तर सगळा ब्लाऊज वर चढायचा. करुणा म्हणाली, पेशी फुटते तेव्हा तिच्या आतला फर्मा असाच उतरवून घेतला जातो, आणि अंगात भिंतीला टांगलेला पुठ्ठ्याचा फर्मा नसतो. नक्कलेवरून नक्कल, आयुष्यभर. चुका शोधून दुरुस्त करणारी यंत्रणा असते आणि ती फार चांगली असते, पण एखादी चूक निसटतेच. म्हणून म्हातारपणी कॅन्सर जास्त. त्यावर तंबाखूचं विष रोज त्या फर्म्यावर डाग पाडतं. दारू, उन्हातले काही किरण, काही विषाणू, हेही तेच करतात. काही घरांत फर्मा आईबापाकडूनच फाटका मिळतो. आणि काही वेळा कुणाचाच दोष नसतो, नुसती नक्कल चुकते.

मला वाटलं, इतक्या नकला होऊनही इतकी वर्षं अंग बरोबर बसतं, हेच नवल.

"पण डबा एकच होता," मी पुन्हा म्हटलं.

करुणानं लसणाची पाकळी माझ्यासमोर ठेवली. "चूक शिवणीच्या आत पडली तर कुणाला दिसते का? गळ्यावर पडली तर ब्लाऊज गेला. कुठं पडेल ते आपल्या हातात नसतं. आणि एक चूक पुरत नाही, एकाच पेशीत बऱ्याच जमाव्या लागतात. मशेरीनं काय होतं, तर फासे जास्त वेळा टाकले जातात. जैनबआजीचं दान पडलंय असं दिसतंय."

ते ऐकून मी भागूबाईकडं गेले. भागूबाई म्हणजे मुंजाजींची बायको, ओढ्यापलीकडं राहायची. मला तिच्याकडून एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. मुंजाजींचा आजार आधी पसरला की लोखंड आधी लागलं? कारण मला एक सदरा आठवत होता. माणसांची नावं मी विसरेन, पण कुणाचा गळा, कुणाची छाती, कुणाचा एक खांदा उतरलेला, हे मी विसरत नाही.

भागूबाई दारात मशेरीच लावत बसली होती. मी विचारलं, पल्लवीच्या लग्नातला मुंजाजींचा सदरा मीच शिवला होता, आठवतो का. पल्लवी ही त्यांची थोरली. लग्न ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी झालेलं.

"त्ये तर. पांढरा व्हता," भागूबाई म्हणाली.

"त्याचा गळा मी एका बाजूनं सैल ठेवला होता. त्यांनीच सांगितलं होतं, कापड टोचतंय म्हणून. आणि छातीचं माप आधीच्या सदऱ्यापेक्षा कमी भरलं होतं."

भागूबाईचं बोट तोंडातच राहिलं. मग तिनं चूळ भरली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मफलर गुंडाळून बसले व्हते मांडवात," ती म्हणाली. "चैताचं ऊन, अन् मफलर. पावणे हसून राहिले व्हते. खोकत बी व्हते. मला म्हनले, धूर लागला." थोड्या वेळानं ती म्हणाली, "कौसाबाई, दवाखान्यात मीच नेलं त्यायला. त्ये न्हाई म्हनत व्हते. मीच रडून रडून नेलं. लोक म्हनले लोखंडानं मेला, तवा मला वाटलं म्याच मारला."

मी तिला सांगितलं की गाठ लोखंडाच्या आधी दोन वर्षं तिथं होती आणि करुणाच्या म्हणण्याप्रमाणं ती तेव्हाच पुढं सरकली असणार. उशीर झाला होता, कापणं चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भागूबाई स्वतःच ओढा ओलांडून जैनबच्या दारात आली आणि तिला सदऱ्याची, मफलरची गोष्ट सांगून गेली.

मला वाटलं, आता जैनब निघेल. जैनब कसली निघते.

"मेलेल्याचा सदरा घेऊन आल्यात मला शिकवायला," ती मला म्हणाली. "रोगाचं नाव पडलं की काय होतं ठाऊक आहे नं? गल्लीतली एक बाई माझ्या घरचं पाणी पिणार न्हाई. माझा गिलास अलग होईल."

करुणा शेजारीच होती. तिनं सांगितलं की हा रोग गिलासातून जात नाही. एकीच्या अंगातली पेशी दुसरीच्या अंगात गेली तरी तिथं ती जगत नाही, दुसरीचं अंग तिला परकी म्हणून मारून टाकतं. जैनबनं ते नीट ऐकलं. मग ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत मला जुनी, भाव करणारी दुकानदारीण दिसली.

"बराबर. मग पहिले हिचं तोंड बघ," ती करुणाला म्हणाली. "डबा एक आहे. हिच्या तोंडाला लोखंड लागलं, अन् ही जित्ती राहिली, त मी येते."

मी हसले. म्हटलं, माझ्या तोंडात काय आहे, बघ की. आणि आ केला. करुणानं मोबाईलचा उजेड आत पाडला. तिला हसू आलं नाही. खालच्या ओठाच्या आत, जिथं मी चिमूट ठेवायची, तिथं माझाही एक पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून मला ठाऊक नव्हता.

जैनबनं वाकून बघितलं. "घे," ती म्हणाली, "तुझं बी दान पडलं." पण तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला.

असं आम्ही दोघी एकाच गाडीनं नांदेडला गेलो. साजीदनं दुकान बंद ठेवलं. आधी मी आत गेले. ओठाला सुई टोचली, ओठ दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा जड झाला, डॉक्टरांनी हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा काढून बाटलीत टाकला आणि टाका घातला. टाक्याची गाठ त्यांनी बरी मारली होती, मी जिभेनं तपासली. बाहेर आले तर जैनब दारातच उभी. तिनं माझा ओठ धरून खाली ओढला, आत बघितलं आणि स्वतः आत गेली.

पुढचे दिवस मी आरशासमोर बसून काढले. म्हाताऱ्या बाईनं इतका आरसा बघावा हे सुनेला विचित्र वाटलं असेल. पण मला माझ्या ओठाच्या आत काय चाललंय ते बघायचं होतं. पहिल्यांदा खड्डा लाल होता. मग कडा आत सरकल्या. मग मधे एक बारीक पिवळट रेघ राहिली, आणि एका सकाळी तीही नव्हती. नवी कातडी जुनीशी येऊन मिळाली आणि थांबली. मी तिथं जीभ फिरवली. उंचवटा नाही, खळगा नाही. आयुष्यभर माझ्या बोटांवर हे होत होतं आणि मी एकदाही थांबून बघितलं नव्हतं. जैनबच्या गालात मात्र तुकडा काढलेली जागा तशीच उघडी राहिली.

निकाल आला तेव्हा करुणानं साजीदला आणि मला आधी सांगितलं. माझ्या चट्ट्यात पेशी बिघडू लागल्या होत्या, पण कॅन्सर नव्हता. मशेरी सोडायची आणि तपासत राहायचं. जैनबला कॅन्सर होता, पण लहान होता. आता मोठं ऑपरेशन करायचं, गालाचा तो भाग काढायचा आणि मानेतल्या गाठीही. जैनब बाकड्यावर होती, तिला हे आम्ही सांगायच्या आतच कळलं.

"मोठं लोखंड न्हाई," ती म्हणाली. "छोट्याचं ठरलं होतं, ते झालं."

करुणानं समजावलं, मी समजावलं. तिनं मान हलवली नाही. सगळं आता या एका होकारावर अडलं होतं, आणि तो वेळेत आला नाही तर काय होईल ते आम्ही मुंजाजींच्या घरी पाहिलेलं होतं. शेवटी जैनबच म्हणाली, "जे माझ्या तोंडात आहे, ते मला दाखवत काहून न्हाई? सगळे पाहून राहिले, एक मीच पाह्यली न्हाई."

करुणा तिच्या सरांना विचारून आली. दुपारी, खोली रिकामी झाल्यावर, तिनं आम्हाला आत नेलं.

पहिली काच निरोगी गालाची होती, शिकवण्यासाठी ठेवलेली. मी डोळा लावला. गुलाबी कापड पसरल्यासारखं दिसलं आणि त्याच्या कडेला जांभळ्या ठिपक्यांची दाट ओळ, काज करताना आपण जवळजवळ टाके घालतो तशी. त्या ओळीच्या वर ठिपके विरळ होत गेलेले आणि चपटे. प्रत्येकाच्या भोवती जागा. कुणी कुणावर चढलेलं नाही. दुसरी काच माझी. काजाची ओळ होती, पण मधेच टाके सुटले होते. काही ठिपके मोठे आणि काळपट झालेले, आणि जिथं तळाचे असायला हवेत त्याच्या बरेच वर चढलेले. स्वतःच्या आतलं असं बघताना मला लाज वाटली नाही, नुसतं नवल वाटलं.

तिसरी जैनबची. तिनं मला बाजूला केलं आणि स्वतः बसली. चष्मा काढला, पुन्हा घातला. करुणानं काच हळूहळू सरकवली.

"रंग त चांगला आहे," जैनब म्हणाली.

"रंग आम्ही दिलाय, आजी."

"ह्या सगळ्या सारख्या काहून न्हाईत? एक बारकी, एक म्हशीवानी."

"त्यांचा फर्मा बिघडलाय, म्हणून. ही बघा, ही मधली. ही फुटत होती. दोन व्हायचं सोडून तीन व्हायला निघाली होती. औषधात टाकली तेव्हा तशीच थांबली."

जैनब बराच वेळ बघत होती. मग डोळा न काढताच तिनं विचारलं, "ह्या बाहेरून आल्या?"

"नाही. तुमच्याच आहेत."

"माझ्याच?"

"तुमच्याच एका पेशीपासून झालेल्या. म्हणून तर अंग त्यांना लवकर ओळखत नाही."

करुणानं काचेत एक बारीक रेघ दाखवली, वरची कातडी आणि खालचं मांस यांच्या मधली. निरोगी पेशी ही रेघ कधी ओलांडत नाहीत, असं ती म्हणाली. जैनबच्या पेशींचे तीन-चार पुंजके रेघेच्या खाली उतरले होते.

"लोखंडानं उतरल्या," जैनब म्हणाली.

"नाही, आजी. हा तुकडा लोखंड लागलं त्याच क्षणाचा आहे. बाटलीत पडला आणि त्यातल्या पेशी जागच्या जागी मेल्या. त्यानंतर एक पाऊल त्यांनी टाकलेलं नाही. ह्या खाली उतरल्या त्या आधीच, तुमच्या तोंडात, तुम्ही मशेरी दाबत होता तेव्हा."

जैनबनं पुन्हा डोळा लावला. या वेळी तिनं काच स्वतःच्या बोटानं सरकवून बघितली, आणि करुणानं तिला अडवलं नाही. दुकानात कापड घेताना ती असंच करायची. गिऱ्हाईक घाई करत असलं तरी ठाण उलगडून डाग आहे का ते शेवटपर्यंत बघायची.

मग ती उठली, चष्मा पदरानं पुसला आणि दारात उभ्या असलेल्या साजीदला म्हणाली, "तारीख घे. ह्या अजून खाली जायच्या आत."

ऑपरेशन पावसाळ्यात झालं. गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस फिरवून गालाला लावलं. मानेतल्या एकाच गाठीत त्या पेशी सापडल्या, म्हणून पुढं किरणांचा उपचार घ्यावा लागला, आणि ऑपरेशनपेक्षा जास्त तकलीफ तिला त्याचीच झाली. तोंड सोलून निघालं, चव गेली, लाळ आटली. त्या महिन्यांत तिनं मला बऱ्याच शिव्या दिल्या. त्या मला कळत नव्हत्या, कारण तिचं बोलणंच कुणाला कळत नव्हतं.

भागूबाई गेल्या वर्षी गेली, झोपेत, पंच्याऐंशीच्या पुढं. शेवटच्या दिवसापर्यंत मशेरी लावायची. करुणानं एकदा तिचं तोंड बघितलं होतं, काही निघालं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावात लोक भागूबाईकडं बोट दाखवून मशेरीनं काही होत नाही असं म्हणतात. फासे तिनंही तेवढेच टाकले होते. ऑपरेशनची गोष्ट निघाली की मात्र ती मुंजाजींच्या मफलरपासून सांगायला सुरुवात करायची.

साजीदनं आईच्या ऑपरेशनच्या दिवशी गुटखा सोडला, वर्षभरानं पुन्हा धरला. लॉकडाऊनमध्ये फाटा बंद पडला, पुडी मिळेना, तेव्हा जो सुटला तो सुटला. तो म्हणतो, मी सोडला. आम्ही काही बोलत नाही.

करुणा आता परभणीला असते. तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. मी अजून फोन करून तिला काहीबाही विचारते. परवा विचारलं, की हत्तीच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, मग त्याला जास्त कॅन्सर का होत नाही? ती म्हणाली, आजी, हत्तीजवळ चुका पकडणारी राखण जास्त असते, आणि यावर अजून लोक शोध करतायत. म्हटलं, करा लवकर, मला ऐकायचंय.

माझा चट्टा मशेरी सोडल्यावर बराच विरला. जो राहिला तो पुढं काढून टाकला. क्लास बंद झाला, मशीन आहे.

जैनबचं तोंड दोन बोटांएवढं उघडतं. एका बाजूनं गाल ओढलेला आहे आणि 'प' म्हणताना वारा निसटतो. खिचडी खाते, आंबील पिते, ठेच्याचा वास घेऊन समाधान मानते. गल्लीतल्या बायकांतल्या काहींनी सुरुवातीला तिच्या घरचं पाणी खरंच टाळलं. पुढं विसरल्या. गेल्या महिन्यात आम्ही दोघी तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, मावशी, काही त्रास? ती म्हणाली, ही बाई गाडीत फार बोलते. त्यांनी आधी तिचं तोंड बघितलं, मग माझं, आणि दोघींना सहा महिन्यांनी यायला सांगितलं.